आईच्या पोटऱ्या

माझ्या मांड्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या ऑफिसच्या एका फोटोत. दोन हजार सात सालची गोष्ट. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगला होते. टीमच्या पिकनिकचे फोटो कुणीतरी सगळ्यांना मेल केले होते. एका फोटोत मी जीन्स घालून तलावाकाठच्या दगडावर बसले होते. त्या फोटोत डोंगर होता, पाणी होतं, आठ माणसं होती. मला फक्त माझ्या मांड्या दिसल्या.

तशी मी काही जाड नव्हते. पण सकाळी साडेसातला खडकीहून कंपनीच्या बसमध्ये बसायचं, तासभराने उतरून नऊ तास खुर्चीत बसायचं आणि पुन्हा बसमध्ये बसून घरी यायचं, असं दोन वर्षं केल्यावर जे व्हायचं ते कमरेखाली झालं होतं. त्यात डिसेंबरच्या ॲन्युअल डेला आमच्या टीमचा डान्स ठरला आणि मुलींनी गुडघ्यापर्यंतचे ड्रेस पक्के केले. तेव्हा जून चालू होता. हाताशी सहा महिने होते.

पहिला महिना मी इंटरनेटवर वाचून स्वतःची डॉक्टर झाले. रात्रीचं जेवण बंद केलं. दुपारी काकडी आणि ताक, सकाळी दोन बिस्किटं. आई विचारायची, "जेवण का नाही गं?" मी सांगायची, ऑफिसात उशिरा खाल्लं. महिन्याभरात वजन तीन किलो उतरलं. गालाची हाडं वर आली, डोळे आत गेले, मांड्या मात्र जिथल्या तिथे.

मग औंध रोडला नवीन निघालेल्या जिममध्ये गेले. तिथे दारावरच पाटी होती, दोन महिलांनी एकत्र नाव घातलं तर दुसरीची फी माफ. पहाटे सहाला माझ्याबरोबर येईल अशी मैत्रीण खडकीत कुणी उरली नव्हती. मी सरळ आईचं नाव टाकलं. सत्यशीला भीमराव गजभिये, वय एकोणपन्नास.

टेबलामागे बसलेला माणूसच तिथला ट्रेनर निघाला. दत्तप्रसाद त्याचं नाव. सदाशिव पेठेतून रोज पहाटे स्कूटरवर यायचा. पस्तिशीचा, काटक, आणि बोलण्यात भलताच काटकसरी.

"दुसरं कार्ड त्या स्वतः आल्याशिवाय होणार नाही," तो फॉर्म बघत म्हणाला. "आणि दुसरं झालं नाही तर या फीमध्ये पहिलंही नाही."

"पण सर, आई काही रोज येणार नाही."

"रोज कुणीच येत नाही. एकदा तरी येऊ दे."

आईला तयार करायला आठवडा लागला. ती पिंपरीच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या पॅकिंगला होती. सकाळी सातची शिफ्ट, त्यामुळे सहाच्या आत खडकी स्टेशनवर. लाईनवर उभं राहून पट्ट्या तपासायच्या, खोक्यात भरायच्या, खोकं पुढे सरकवायचं. बावीस वर्षं हेच काम. मूळची ती वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. बाबांना दारूगोळा फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून लग्नानंतर खडकीच्या क्वार्टर्समध्ये आली आणि इथलीच झाली. फक्त राग आला की तिच्या तोंडून 'का'च्या ऐवजी 'काहून' निघायचं.

"काहून नाव घातलं माझं न विचारता?" असं पहिल्या दिवशी झालं. पण मी नाक मुठीत धरून विनवत राहिले, आणि एका रविवारी ती आली. माझा जुना सलवार-कुर्ता घालून, आणि भर जुलैत पायात गुडघ्यापर्यंत मोजे.

दत्तप्रसादने आम्हा दोघींना आरशासमोर उभं केलं. "काकू, खाली बसून उठता येतं?"

"बसायला काय झालं?" असं म्हणून आई भाजी निवडायला बसावी तशी चवड्यांवर बसली आणि जमिनीला हात न लावता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. दहा वेळा. श्वाससुद्धा वाढला नाही.

"आता तुम्ही," तो मला म्हणाला.

सहाव्या बैठकीला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. आठवीला समोरचा आरसा वाकडा झाल्यासारखा वाटला आणि मी भिंत धरली.

"सकाळी काय खाल्लंत?"

"दोन बिस्किटं."

"काल रात्री?"

मी आईकडे बघितलं नाही. "काही नाही."

"छान. पायातला दगड काढून घ्यायचा आणि वर इमारत ताठ उभी राहू दे म्हणायचं." तो स्टूल ओढून बसला. "हे बघा मॅडम, मांडीवरची चरबी मांडीला विचारून जात नाही. ती सगळीकडून थोडी थोडी जाते, आणि कुठून आधी जाणार ते तुमच्या-माझ्या हातात नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. पायाला काम द्यायचं आणि पोटाला अन्न द्यायचं. उपाशी राहिलात तर आधी स्नायू जातो. मग पाय बारीक होईल, पण लोंबेल. चालेल?"

"नाही," मी म्हणाले.

"मग उद्यापासून जेवायचं."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. महिनाभराच्या थापा तिला एका मिनिटात कळल्या होत्या.

"आता दोघी भिंतीला हात टेका आणि टाचा वर करा. सावकाश वर, सावकाश खाली."

हे सोपं होतं. मी करत राहिले. आईने तीनदा केलं आणि एकदम थांबली. ओठ घट्ट मिटले, चेहरा पांढरा पडला. पोटरीत गोळा आला होता. मी तिला धरून खाली बसवलं आणि चोळायला म्हणून मोजा खाली ओढायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. "निकिता, राहू दे म्हणते ना."

पण तोवर मोजा खाली आला होता.

गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत हिरव्या-जांभळ्या शिरा फुगून वर आल्या होत्या. कातडीखाली कुणी सुतळीच्या गाठी भरल्यासारख्या. घोट्याजवळची कातडी काळवंडून सुकली होती, आणि तिथे खाजवून खाजवून एक खपली धरली होती. मी तेवीस वर्षं या बाईच्या घरात राहत होते. तिच्या कुशीत झोपले होते. तिचे पाय मी कधी बघितलेच नव्हते.

दत्तप्रसाद उठून जवळ आला. एकदाच बघितलं. त्याच्या आवाजातला तिरकेपणा पार गेला.

"चोळू नका. काकू, पाय या बाकावर ठेवून पडून राहा. आजचा व्यायाम झाला. आधी डॉक्टर, मग मी." त्याने एका कागदावर पत्ता लिहून माझ्या हातात दिला. "माझ्या घराच्या मागच्या गल्लीत शिरांच्या डॉक्टर आहेत. चांगल्या आहेत. फक्त माझं नाव सांगू नका, त्यांना मी आवडत नाही."

आम्ही चालतच घरी निघालो.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"तुझ्या वेळेला थोड्या होत्या. मग वाढत गेल्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काहून सांगू? तू काय करणार होतीस?" ती पुढे बघतच चालत होती. "कंपनीच्या मेडिकलमध्ये हे निघालं तर अनफिट लिहितील. मग बसा घरी. दरवर्षी तपासणीला मी साडी घोट्याच्या वर सरकवू देत नाही. वजन बघतात, बीपी बघतात, संपलं."

"बाबांना माहीत आहे?"

"ते रोज पायाखाली उशी ठेवतात," ती म्हणाली.

त्या दिवशी मी चार पोळ्या जेवले. आईने न विचारता पाचवी वाढली.

पुढच्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी मशिनवर दोन्ही पाय तपासले, उभं करून आणि झोपवून. मग आईशीच बोलल्या, माझ्याशी नाही. मला ते आवडलं.

"सत्यशीलाताई, आतल्या मोठ्या शिरा चांगल्या आहेत. वरच्या शिरांमधल्या झडपा ढिल्या झाल्यात. रक्त वर चढायला हवं ते खाली साठतं. पोटरी हा आपल्या पायातला पंप आहे. आपण चालतो तेव्हा ती दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. तुम्ही चालत नाही, बसत नाही, नुसत्या उभ्या राहता. म्हणजे पंप दिवसभर बंद."

"ऑपरेशन करावं लागेल का?"

"लागलं तर करू. आज घाई नाही. पण घोट्याजवळची ती खपली वेळेवर दाखवलीत. तिची जखम झाली असती तर भरता भरली नसती." त्यांनी मलम लिहून दिलं, घट्ट मोजे लिहून दिले, रोज चालायला सांगितलं, बसल्या-पडल्या पाय वर ठेवायला सांगितलं. टाचा वर-खाली करायला हरकत नव्हती, जड वजनं मात्र उचलायची नव्हती. "पालेभाजी, फळं, भाकरी. पोट साफ राहिलं पाहिजे, कुंथण्याने या शिरांवर जोर येतो. मीठ कमी. आणि पाणी किती पिता?"

आई मोज्याची कडा सारखी करायला लागली.

"कामावर नाही पीत," ती म्हणाली. "लाईन सोडून जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं."

"मग विचारा," डॉक्टर म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी आपण होऊन एक चिठ्ठी लिहून दिली. सत्यशीलाबाई काम करायला समर्थ आहेत. मात्र अधूनमधून बसायला आणि चार पावलं चालायला मिळणं आवश्यक आहे. आईने ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि पुढचे तीन-चार महिने बाहेर काढली नाही.

जिम सुरू झालं. आई रविवारी यायची, मी आठवड्यातून चार दिवस. दत्तप्रसादने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आम्हा दोघींचा वेगवेगळा बेत लिहून दिला. मला खुर्चीला टेकल्यासारखं करून उठायच्या बैठका, एक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवायचा, पाठीवर पडून कंबर उचलायची, आणि ऑफिसात लिफ्ट बंद. आईला टाचा, चवडे, आणि भिंतीवर पाय टाकून पडणं. तिच्या पोटरीत गोळा येणं आधी कमी झालं, मग बंदच झालं. पाणी प्यायला लागल्याने असेल, असं दत्तप्रसाद म्हणाला. ती आता शिफ्टमध्ये दोनदा विचारून जायला लागली होती.

घरातलं जेवण बदललं. म्हणजे खरं तर आईचं जुनं जेवण परत आलं. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही. मी हाच डबा ऑफिसला न्यायची, कँटीनचा वडापाव सुटला. बाबांनी अंड्यांचं खातं आपल्याकडे घेतलं. सकाळी चार अंडी उकडून, सोलून, दोन बशांत मांडून ठेवायचे. पापड-लोणचं बंद झाल्याचं दुःख त्यांना फार होतं, पण ते जिमवर काढायचे.

"आधी घरात दोन बायका होत्या," ते शेजाऱ्यांना सांगायचे. "आता दोन पैलवान आहेत. मी जपून बोलतो."

ऑक्टोबरात मात्र बिनसलं. ऊन कडक पडलं होतं आणि घट्ट मोजे आईला असह्य व्हायला लागले. ती घरून घालून निघायची आणि कंपनीत जाऊन काढून ठेवायची. मला कळलं ते तिचे घोटे सुजलेले दिसले तेव्हा.

मी ओरडले. तीन महिन्यांची मेहनत, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, सगळं बोलले.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तू आठ तास उभी राहून बघ. मग बोल."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी. आई शिफ्टला गेली आणि मी ठरवलं, बघायचंच. सात वाजता स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिले. समोर तांदूळ ठेवले, निवडायला. जेवायला अर्धा तास बसायचं, एरवी नाही. नऊपर्यंत गंमत वाटली. अकराला पाठ धरली. जेवून उठले तेव्हा पाऊल टाकताना तळवे चुरचुरत होते. दोनला पोटऱ्यांत शिसं ओतल्यासारखं झालं. मी या पायावरून त्या पायावर भार टाकत होते, पण एकेक पाय आधीच दमलेला होता. बाबा दोनदा येऊन "पुरे झालं" म्हणून गेले. अडीचला मला रडू यायला लागलं, पायांमुळे की कशामुळे कोण जाणे. शिफ्ट साडेतीनला सुटते म्हणून मी साडेतीनपर्यंत उभी राहिले, आणि मग आईला घरी यायला तास लागतो हे आठवून तोही तास उभी राहिले. कारण ती काही बसून येत नसणार.

आई आली तेव्हा मी ओटा धरून उभी होते.

"हे काय?"

"आठ तास झाले. नऊ," मी म्हणाले.

ती पर्स न ठेवताच माझ्याजवळ आली. मला वाटलं बस म्हणेल. ती म्हणाली, "टाचा वर कर."

"आई, नाही होणार."

"कर. हळू. वर. आता खाली. आणखी."

मी ओट्याला धरून केल्या. पंधरा-वीस झाल्यावर पायातलं शिसं हलल्यासारखं वाटलं. अगदी थोडं, पण हलल्यासारखं.

"ट्रे बदलतात तेव्हा अर्धा मिनिट हात मोकळे असतात," ती म्हणाली. तिचं लक्ष आता माझ्यावर नव्हतं, ती मनातल्या मनात लाईनवर उभी होती. "तेवढ्यात दहा होतील. मशिनवर कुणाला दिसायचंही नाही." मग तिने मला खुर्चीवर बसवलं, दुसरी खुर्ची पुढे ओढून माझे पाय त्यावर ठेवले आणि चहा टाकला. त्या दिवसापासून मोजे तिने कंपनीत काढले नाहीत. मीही त्यावरून पुन्हा कधी ओरडले नाही.

ट्रे बदलला की दहा. आईने सोमवारपासून सुरू केलं. दोन दिवसांनी तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या शालनमावशीने विचारलं, "सत्यशीला, तू मघापासून अशी वर-खाली काय होतेस?" जेवणाच्या सुट्टीत आईने तिला आपला पाय दाखवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, डबे खायच्या खोलीत, सगळ्यांसमोर. शालनमावशी बघतच राहिली आणि मग तिने आपली साडी वर केली. तिचंही तेच होतं. मग आणखी एकीने, मग आणखी एकीने. आई घरी येऊन सांगत होती तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "प्रत्येकीला वाटायचं, आपल्यालाच आहे."

दिवाळीपर्यंत त्या लाईनवरच्या अकरा बायका ट्रे बदलला की टाचा उचलायला लागल्या. अकराजणी एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात, हे मग दिसणारच. सुपरवायझर रावसाहेब लाईनच्या टोकाला येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय? कवायत?"

"हो साहेब," आई म्हणाली. "पाय शाबूत राहावेत म्हणून."

"आणि काम?"

"मोजून बघा."

त्यांनी खोकी मोजली. एकही कमी नव्हतं. ते निघून गेले. पण दोन दिवसांनी आईला ऑफिसात बोलावणं आलं, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

त्या संध्याकाळी घरात कुणाला जेवण गेलं नाही. बाबा म्हणाले, माफी मागून मोकळी हो. मी म्हणाले, मी इंग्रजीत छान पत्र लिहून देते, कायद्याचे मुद्दे घालून.

"तू लिहिलंस तर ते तुझं ऐकतील," आई म्हणाली. "मला माझं सांगायचंय."

तिने पर्समधली डॉक्टरांची चिठ्ठी काढून सरळ केली, घडीवर तुटायला आली होती ती. पुढचं मला शालनमावशीने सांगितलं, कारण ती न बोलावताच बरोबर गेली होती. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, लाईनवर व्यायाम कशासाठी. आईने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, मला काम सोडायचं नाही. मला अजून नऊ वर्षं काम करायचंय. पण या पायांवर ती होणार नाहीत. अधूनमधून टेकायला काहीतरी द्या आणि पाणी प्यायला विचारावं लागू नये. दुसरं काही मागत नाही." साहेबांनी चिठ्ठी वाचली. साडीतल्या त्या दोघींकडे बघितलं. "बघू," म्हणाले.

आठवडाभर काहीच घडलं नाही. आई रोज घरी येऊन मान हलवायची. मग एका सोमवारी सकाळी लाईनच्या कडेला चार उंच स्टुलं येऊन पडली, आणि फलकावर कागद लागला: शिफ्टमध्ये दोनदा पाच-पाच मिनिटं विश्रांती, पाण्यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही. अकरा बायकांत चार स्टुलं. बाकीच्या दोन लाईनींना तर मार्चपर्यंत तेही मिळालं नाही. पण शालनमावशीने त्या दिवशी अख्ख्या लाईनला पेढे वाटले. आणि आईचं म्हणणं, त्या पाच मिनिटांत बायका टाचा उचलायला लागल्या की रावसाहेब दूर खांबाशी रजिस्टर घेऊन उभे राहतात, छताकडे बघत, आणि तेही हळूच वर-खाली होतात.

डिसेंबर आला. डान्सच्या आदल्या रविवारी दत्तप्रसादने टेप लावून बघितलं. दोन्ही मांड्या दीड-दीड इंचाने कमी झाल्या होत्या. सहा महिन्यांत दीड इंच.

"एवढंच?" मी म्हणाले.

"बैठका किती होतात?"

"पन्नास."

"जुलैत आठ झाल्या होत्या, त्याही भिंत धरून." त्याने टेप गुंडाळून खिशात घातली. "तुम्ही इंच मोजत बसा. मला दुसरे लोक आहेत."

ॲन्युअल डेला आई-बाबा आले होते. ड्रेस घातल्यावर मी आरशात बघितलं. मांड्या माझ्याच होत्या, फोटोतल्याच, फक्त आता त्या घट्ट होत्या आणि मला त्यांची ओळख पटत होती. गाणं सहा मिनिटांचं होतं. चौथ्या मिनिटाला पुढच्या ओळीतल्यांची दमछाक झाली आणि उड्या अर्ध्यावर यायला लागल्या. मला दम लागला नव्हता. मी शेवटच्या मिनिटापर्यंत पूर्ण उडी मारली. नंतर आई एवढंच म्हणाली, "पाय चांगले उचललेस."

जानेवारीत डॉक्टरांनी आईचे पाय पुन्हा तपासले. खपलीच्या जागी आता नुसता डाग होता. सूज नव्हती. शिरा होत्या तिथेच होत्या, त्या जाणार नव्हत्या, पण वाढल्याही नव्हत्या. ऑपरेशनचं वर्षभराने बघू, असं त्या म्हणाल्या.

"अजून काय करू?" आईने विचारलं. ती आता असं विचारायला लागली होती.

"सायकल येते का?"

आई हसली. तिच्या खेड्यात मुलींना कुणी सायकलला हात लावू दिला नव्हता आणि इथे आल्यावर वेळ कुणाला होता. पण घरी येऊन तिने बाबांच्या सायकलकडे बघितलं. बाबा फॅक्टरीत तीस वर्षं त्याच सायकलवर जात होते. मधल्या दांडीची, जड, काळी.

"ही नको," बाबा घाबरून म्हणाले. "ही ऐकत नाही कुणाचं."

शेवटी शेजारच्या मुलीची बिनदांडीची सायकल मागून आणली. रविवारी सकाळी क्वार्टर्सच्या मैदानावर आम्ही तिघं. आईने सलवार घातली होती, पायात घट्ट मोजे, त्यावर खडकी बाजारातून आणलेले नवे बूट. बाबांनी मागून कॅरियर धरलं. पहिल्या वेळी ती डावीकडे कलंडली, दुसऱ्या वेळी उजवीकडे. तिसऱ्या वेळी बाबाच पडले. कट्ट्यावर बसलेले दोन म्हातारे वर्तमानपत्र खाली ठेवून बघायला लागले.

"लांब बघ," बाबा धापा टाकत सांगत होते. "चाकाकडे बघू नकोस. पायडल मार. मार जोरात."

आईने पायडल मारलं. तिच्या पोटऱ्यांत जोर होता, सायकल एकदम सुटली आणि बाबांच्या हातातून कॅरियर निसटलं. ते दहा पावलं मागे धावले आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. आई पुढे गेली. हँडल लटपटलं, सावरलं, पुन्हा लटपटलं. मैदानाच्या टोकाला ती मोठं वळण घेऊन परत फिरली. तिला अजून कळलंच नव्हतं की मागे कुणी नाही.

आमच्या समोरून जाताना तिला बाबा उभे दिसले.

"अहो!" ती किंचाळली. "तुम्ही इथे कसे? मग हे धरलंय कुणी?"

"कुणी नाही!" मी ओरडले.

"थांबवायचं कसं?"

बाबांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी ब्रेक दाबायची खूण केली, पण ती बघत नव्हती. ती पुन्हा मैदानाच्या त्या टोकाला निघाली होती, ओढणी पाठीवर उडत, आणि कट्ट्यावरचे म्हातारे टाळ्या वाजवत होते.